विटेची भाजणी

वडखळ नाक्यावर अलिबागचा फाटा सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की डोलवी येते. खारेपाटातली भातशेती, पलीकडे अंबा नदी आणि धरमतरची खाडी, आणि या सगळ्याला खेटून पोलादाचा कारखाना. चिमण्या, डोक्यावरून जाणारे कन्व्हेअर, खनिजाच्या लाल धुळीनं माखलेली झाडं. एसटीच्या खिडकीतून हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. आधी इथे 'इस्पात' होतं. २०१०च्या डिसेंबरात जेएसडब्ल्यूनं ती कंपनी हाती घेतली, आणि कारखान्याची क्षमता वाढत वाढत वर्षाला १ कोटी टन पोलादापर्यंत गेली.

खिडकीतून एक गोष्ट मात्र कधीच दिसली नाही. ती म्हणजे वीट.

लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. ओतायच्या वेळी पोलाद सोळाशेच्या आसपास असतं, आणि ते ज्या भांड्यात ओततात ते लेडलही पोलादाचंच असतं. तरी ते वितळत नाही, कारण आतून विटांचं अस्तर आहे. कारखान्यात त्याला नुसतं 'लाइनिंग' म्हणतात. झोतभट्टीला लाइनिंग, तिला गरम हवा पुरवणाऱ्या स्टोव्हला लाइनिंग, लेडलला लाइनिंग. कोळशाचा कोक करणारी कोक ओव्हन तर जवळजवळ सगळीच विटांची, बाहेरून पोलादी खांबांनी आवळलेली. डोलवीहून निघालेला पत्रा गाडीत, फ्रिजमध्ये, घराच्या छपरात जाऊन बसतो. त्याच्यातला प्रत्येक किलो आधी कुठल्या ना कुठल्या विटेच्या अंगावर वितळलेल्या रूपात टेकलेला असतो.

या विटांमधल्या एका विटेनं मला गेली काही वर्षं पछाडलं आहे. कोक ओव्हनची सिलिका वीट. कोक ओव्हनची एक भिंत साधारण पंधरा मीटर लांब असते. थंड असताना बांधलेली ही भिंत कामाच्या तापमानाला पोचेपर्यंत सुमारे सव्वा टक्का वाढते. पंधरा मीटरचा सव्वा टक्का म्हणजे जवळजवळ एकोणीस सेंटिमीटर. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात ताणून बघा, तेवढं. भिंत वीतभर वाढते आणि तरी तडकत नाही, कारण बांधणाऱ्यांनी ती वीत आधीच हिशेबात धरलेली असते. हा हिशेब त्यांना करता येतो तो विटेच्या भाजणीमुळे.

भाजणी हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. पेणला आमच्याकडे दिवाळीच्या आधी पंधरा दिवस चकलीची भाजणी व्हायची. धुऊन सावलीत वाळवलेले तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे, जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. आजीचं लक्ष रंगापेक्षा वासाकडे असायचं. लवकर उरकावं म्हणून मी आच वाढवली की ती येऊन गॅस बारीक करायची आणि म्हणायची, ''वरून लाल, आतून कच्ची. मग राहिलेलं सगळं ती तेलात करील.'' राहिलेलं तेलात करील, हे वाक्य पुढे सिलिका विटेबद्दल वाचताना मला शब्दशः आठवलं.

मडकी आव्यात भाजतात, विटा भट्टीत भाजतात, शब्द तोच. शास्त्राच्या पुस्तकात त्याला सिंटरिंग म्हणतात. डोलवीत सिंटर हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे, कारण तिथे सिंटर प्लांटच आहे. लोहखनिजाचा बारीक भुगा कोकच्या चुऱ्याबरोबर जाळून त्याचे खडे करायचे, म्हणजे ते झोतभट्टीत घालता येतात. विटेचं सिंटरिंग आणखी सबुरीनं होतं. माल सगळा वितळवायचा नसतो. कण जिथे जिथे एकमेकांना टेकलेत तिथे तिथे त्यांची जोडणी व्हायला हवी. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचा गोळा होतो तेव्हा मीठ वितळून गेलेलं नसतं, दाणे टेकल्या जागी धरलेले असतात. कारण वेगळं असलं तरी दिसायला तसंच. पेणच्या खाडीकाठानं मिठागरं पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता प्रश्न असा, की एकच माती एकदा हजार अंशांवर आणि एकदा चौदाशे अंशांवर भाजली, तर गार झाल्यावर त्या दोन विटा पुन्हा तापवताना सारख्याच फुगतील का?

बहुतेकांना वाटतं की कमी भाजलेली वीट सच्छिद्र, म्हणून ती कमी फुगेल. फुगणं भोकांत जिरून जाईल. मलाही तसंच वाटायचं. पण बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव कसा चढवतो ते आठवा. लोखंडाचा तो कडा चाकापेक्षा किंचित लहान असतो. तो लाल तापवला की त्याचं भोकसुद्धा मोठं होतं, म्हणून तर तो चाकावर बसतो, आणि पाणी ओतलं की आवळतो. भोक आत मिटत नाही, भोवतालच्या लोखंडाबरोबर तेही वाढतं. विटेतली छिद्रंही अशीच वाढतात. म्हणून माल तोच असेल, तर भुसभुशीत वीट आणि घट्ट वीट जवळपास सारख्याच प्रमाणात फुगतात. ताकद बदलते, पाणी पिणं बदलतं, उष्णता वाहून नेणं बदलतं. फुगणं सहसा बदलत नाही.

बदलतं ते तेव्हा, जेव्हा भाजणीत माल तोच राहत नाही. आणि सिलिकाचं नेमकं हेच होतं.

सिलिका म्हणजे आपली गारगोटी. रायगडचे डोंगर काळ्या पाषाणाचे, बेसॉल्टचे. त्याच्या पोकळ्यांमधून क्वार्ट्झचे पांढरे खडे निघतात. लहानपणी दिवे गेले की मी आणि माझा भाऊ पांघरुणात शिरून दोन गारगोट्या एकमेकींवर घासायचो. आतून पिवळट उजेड चमकायचा आणि जळकट वास यायचा. एकदा भावानं एक गारगोटी चुलीत टाकली. थोड्या वेळानं ती फाटकन फुटली, निखारा उडून आईच्या पदरावर पडला आणि आम्हा दोघांना मार बसला.

ती का फुटली ते मला कॉलेजात कळलं. क्वार्ट्झ तापू लागलं की बऱ्यापैकी वेगानं फुगतं, आणि ५७३ अंशांना त्याच्या स्फटिकाची मांडणी एकदम बदलते. सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध तुटत नाहीत, फक्त थोडे वळतात. तेवढ्यानंही आकारमान एका क्षणात सुमारे ०.८ टक्क्यानं उडी मारतं. तोवर लांबी सव्वा-दीड टक्क्यानं वाढलेली असते. दगडाची बाहेरची बाजू ५७३ ओलांडून गेली आणि आतली अजून मागे असली, की दगड स्वतःलाच फाडतो. ही उडी पहिल्यांदा मोजली ती आंरी ल शातलिए यांनी, १८८९ साली. रासायनिक समतोलाच्या नियमामुळे बारावीच्या मुलांना हे नाव ठाऊक असतं. मातीची भांडी आणि त्यांचं फुगणं हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता, हे पाठ्यपुस्तकात येत नाही.

गारगोटीचं रूप इथेच संपत नाही. खूप तापवलं आणि भरपूर वेळ दिला तर बंध खरोखर तुटतात आणि वेगळ्या रचनेत पुन्हा जुळतात. ८७० अंशांच्या वर ट्रिडिमाइट हे रूप स्थिर असतं, १४७० च्या वर क्रिस्टोबलाइट. ही दोन्ही खनिजं गेरहार्ट फोम राट यांना मेक्सिकोतल्या पाचुकाजवळच्या सान क्रिस्तोबाल डोंगरात सापडली. ट्रिडिमाइटचं वर्णन १८६८ चं, क्रिस्टोबलाइटचं १८८७ चं, आणि त्याचं नाव त्या डोंगरावरूनच पडलं. रासायनिकदृष्ट्या तिघांत काडीचा फरक नाही. एक सिलिकॉन, दोन ऑक्सिजन. पण क्वार्ट्झची घनता २.६५, क्रिस्टोबलाइटची सुमारे २.३३, ट्रिडिमाइटची त्याहूनही किंचित कमी. म्हणजे गारगोटीचं ट्रिडिमाइट झालं की ती तेवढ्याच वजनात सुमारे सोळा टक्के जास्त जागा अडवते. आणि हे फुगणं गार केल्यावर परत जात नाही, ते कायमचं असतं.

इथे दोन वेगळी फुगणी आहेत, आणि लेखाचा उरलेला भाग समजायला ती वेगळी ठेवायला हवीत. एक फुगणं तात्पुरतं: तापलं की वाढलं, निवलं की आलं जागेवर. दुसरं कायमचं: रूप बदललं म्हणून झालेलं. सिलिका विटेच्या भाजणीचा हेतू एकच, की कायमचं फुगणं भट्टीतच उरकून टाकायचं. ते तिथे उरकलं नाही तर वीट राहिलेलं सगळं भिंतीत करील.

सिलिका वीट तशी जुनी. वेल्समधल्या नीथच्या खोऱ्यात डायनस नावाचा खडक आहे. विल्यम वेस्टन यंग यांनी १८२२ मध्ये त्याच्यापासून वीट बनवण्याची रीत काढली. आजही रीत मुळात तीच आहे. शुद्ध क्वार्ट्झाइट दळायचं, त्यात दोनेक टक्के चुना घालायचा, दाबून साच्यात वीट पाडायची आणि भाजायची. चुना नुसता चिकटवण्यासाठी नाही. उच्च तापमानाला तो सिलिकाबरोबर थोडासा द्रव तयार करतो. त्या द्रवात क्वार्ट्झ विरघळत जातं आणि त्यातून ट्रिडिमाइट बाहेर पडत जातं. चुन्याशिवाय हे रूपांतर इतकं मंद चालतं की भट्टीवाला कंटाळून जाईल.

मातीची वीट पाडणाऱ्या कुणालाही विचारा, साचा विटेपेक्षा मोठा लागतो, कारण वाळताना आणि भाजताना माती आक्रसते. सिलिका विटेचा साचा विटेपेक्षा लहान असतो. भाजताना ती लांबीत तीन ते चार टक्के वाढते. २३० मिलिमीटरची वीट हवी असेल तर साचा २२२च्या आसपास ठेवावा लागतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो परिच्छेद परत वाचला होता. आयुष्यभर माती आक्रसतानाच पाहिली. पेणच्या, हमरापूरच्या, जोह्याच्या कारखान्यांत शाडूच्या मूर्ती सुकताना तडे जाऊ नयेत म्हणून किती जपतात तेही पाहिलं. आणि इथे एक वीट आगीत वाढते.

भाजणी १४३० ते १४५० अंशांच्या आसपास, आणि चढणं-उतरणं अतिशय सावकाश. पेटवल्यापासून विटा बाहेर काढेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात. चढताना ५७३ च्या आसपास सांभाळायचं, हजाराच्या पुढे पुन्हा सांभाळायचं, कारण तिथे कायमचं फुगणं सुरू होतं. उतरताना तीनशेच्या खाली सगळ्यात जास्त सांभाळायचं. तिथे क्रिस्टोबलाइटची उडी असते: २०० ते २७० अंशांच्या दरम्यान त्याची लांबी सुमारे एक टक्क्यानं बदलते, आणि तीही झटक्यात. ट्रिडिमाइटलाही ११७ आणि १६३ अंशांना वळणं आहेत, पण ती फार सौम्य. म्हणून भट्टीवाल्याला ट्रिडिमाइट जास्त हवं असतं. घाई करून तापमान एकदम चढवलं तर क्वार्ट्झ थेट क्रिस्टोबलाइटकडे वळतं, वीट भसकन फुगते, कण एकमेकांपासून सुटतात, आणि तुपात अनारसा हसावा तशी वीट हसते. कमी तापमानावर थांबलं तर क्वार्ट्झ कच्चं राहतं.

वीट नीट भाजली आहे की नाही हे ओळखायची रीत मला फार आवडते. ती वजनाची आहे. विटेचा तुकडा बारीक दळायचा, म्हणजे छिद्रं उरत नाहीत, आणि त्या भुकटीची घनता मोजायची. कच्चं क्वार्ट्झाइट २.६५. चांगली भाजलेली वीट २.३३-२.३४. आकडा याच्या वर राहिला तर आत कच्चं क्वार्ट्झ आहे. आता एक्स-रे लावून नेमके टक्केही काढतात. कोक ओव्हनच्या उत्तम विटेत कच्चं क्वार्ट्झ एक टक्क्याच्या आत ठेवायला सांगतात. पण पूर्वी भट्टीवाले याच एका आकड्यावर वीट पास किंवा नापास करत, आणि तो आकडा खोटं बोलत नसे.

दुसरी परीक्षा डायलेटोमीटरची. विटेतून पाच सेंटिमीटरची कांडी कापायची, छोट्या भट्टीत आडवी ठेवायची आणि तिच्या टोकाला एक दांडी टेकवायची. मिनिटाला पाचेक अंशांनी तापवत जायचं. कांडी वाढते, दांडी सरकते, सरकण्याची नोंद होते. पूर्ण तापल्यावर ही कांडी जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढलेली असते, नखाच्या जाडीएवढी. पण आलेख बघण्यासारखा. शंभर अंशांपर्यंत रेघ आळसावलेली. शंभर ते तीनशेमध्ये ती उभी चढते. हे ट्रिडिमाइट आणि क्रिस्टोबलाइट. सहाशेपर्यंत चढ कमी होत जातो. कच्चं क्वार्ट्झ उरलं असेल तर ५७३ला रेघेत एक छोटा गुडघा दिसतो. आणि सहाशेच्या पुढे, जवळजवळ चौदाशेपर्यंत, रेघ आडवी. वीट तापत जाते, पण वाढत नाही.

कोक ओव्हनला सिलिका वीट का लागते, त्याचं उत्तर या आडव्या रेघेत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कोक ओव्हन फायरक्लेच्या, म्हणजे आगीला टिकणाऱ्या मातीच्या, विटांचे असत. ती वीट तेराशेच्या आसपास ओझ्याखाली मऊ पडायला लागते. सिलिका वीट मात्र सोळाशेच्या जवळ जाईपर्यंत वजन पेलून उभी राहते. शिवाय कोक ओव्हनची भिंत रोज छळली जाते. आत कोळसा भरला की तो थंड असतो. भिंतीचा पृष्ठभाग झटक्यात कित्येक शे अंशांनी उतरतो, आणि मग कोक होईपर्यंतच्या सोळा-वीस तासांत परत चढतो. हे उतरणं-चढणं सगळं आलेखाच्या आडव्या भागात झालं तर भिंतीला काही कळतही नाही. पण तापमान सहाशेच्या खाली फार घसरलं, की ती डावीकडच्या चढावर येते, आणि तिथून खाली घसरण आहे.

कच्च्या विटेचं काय होतं? ती भिंतीत बसते, तापते, आणि आत उरलेलं क्वार्ट्झ महिन्यामागून महिना आपलं रूप बदलत राहतं. भट्टीत जे तीन-चार टक्के व्हायला हवं होतं, त्यातलं उरलेलं आता इथे होतं. पंधरा मीटरच्या भिंतीत अर्धा टक्का म्हणजे साडेसात सेंटिमीटर, आणि तेवढी जागा कुणी ठेवलेली नसते. भिंत पोट काढते, सांधे उघडतात, कोकचा लादा ढकलून बाहेर काढणाऱ्या यंत्राला तो अडतो. चूक भट्टीवाल्याची, पण ती भोगतो ओव्हनच्या माथ्यावर काम करणारा माणूस.

इतर विटांची गोष्ट थोडक्यात. एक मीटर लांबीची कांडी शंभर अंशांनी तापवली, तर अ‍ॅल्युमिनाची सुमारे ०.८ मिलिमीटर वाढते, मॅग्नेशियाची १.३५, अ‍ॅल्युमिना आणि सिलिका मिळून होणाऱ्या म्युलाइटची अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जास्त, आणि वितळवून काच केलेल्या सिलिकाची फक्त ०.०५. साध्या चिनी मातीच्या वस्तूत हे सगळे खेळ एकत्र चालतात. हजार अंशांवर भाजलेल्या मातीत क्वार्ट्झ तसंच असतं आणि आलेखात ५७३चा गुडघा स्वच्छ दिसतो. तीच माती तेराशेवर भाजली तर म्युलाइटच्या सुया वाढतात, क्वार्ट्झ हळूहळू काचेत विरघळतं, गुडघा पुसट होतो. काही मातींत आणखी वर गेलं की क्रिस्टोबलाइट जन्मतं आणि दोनशेच्या जवळ नवाच उंचवटा उगवतो. एकच माती, तीन भाजण्या, तीन आलेख. कपाच्या चकाकत्या थरात केसासारख्या रेषा पडतात, त्याही बहुधा यामुळेच: आतली माती आणि वरची काच यांचं फुगणं जुळलेलं नसतं.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, भंडारा जिल्ह्यात, कायनाइट आणि सिलिमनाइट सापडतं. दोन्ही भाजली की म्युलाइट देतात, पण कायनाइट तसं करताना सोळा-अठरा टक्के फुगतं. भट्टीवाल्यांनी या दोषाचा उपयोग करून घेतला. फायरक्ले भाजताना आक्रसते, कायनाइट फुगतं. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली की वीट जागच्या जागी राहते. भंडाऱ्याच्या दगडातली ही खोडी कुणीतरी इतकी नीट ओळखली, याचं मला कौतुक वाटतं.

आणि एक अपवाद सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर मी म्हटलं की छिद्रांनी फुगणं बदलत नाही. पण भेगांनी बदलतं. अ‍ॅल्युमिनियम टायटनेटचा स्फटिक एका दिशेला भरपूर फुगतो आणि दुसऱ्या दिशेला चक्क आक्रसतो. जास्त तापमानावर भाजलं की त्याचे कण मोठे होतात, आणि गार होताना या ओढाताणीनं कणांच्या मध्ये सूक्ष्म भेगा पडतात. पुन्हा तापवलं की कण आधी त्या भेगा भरून काढतात, त्यामुळे बाहेरून पाहिलं तर वस्तू वाढतच नाही. इथे भाजणी वाढवली की फुगणं कमी होतं, आणि त्याबरोबर ताकदही. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये बुडवायच्या नळ्या अशा मालाच्या करतात.

भाजणी कच्ची राहिल्याचा अनुभव मी घरातही घेतला आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी हॉलमध्ये फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. जाऊन पाहते तर मधल्या चार फरशा तंबूसारख्या उभ्या. गवंड्यानं फरशीला फरशी भिडवून बसवली होती, सांधा ठेवलाच नव्हता. फुटलेला तुकडा मी जिभेला लावून बघितला, तर तो चिकटला. नीट भाजलेली, काच धरलेली फरशी जिभेला चिकटत नाही. कमी भाजलेली पाणी ओढते, आणि कोकणातल्या हवेत वर्षानुवर्षं ओल पिऊन पिऊन केसभर वाढत राहते. दुकानदारानं तो तुकडा हातात घेऊन न बघताच परत दिला. मी तो अजून ठेवला आहे.

आता डोलवीकडे परत. कोक हे झोतभट्टीचं जळणही आणि हाडही. तो जळतो, आणि जळता जळता वरच्या खनिजाचा भार पेलतो. डोलवीला कोक ओव्हनमधून निघणारा वायूही वाया जात नाही. स्पंज आयर्न करण्याच्या भट्टीत नैसर्गिक वायूच्या जोडीला तो वापरतात. हा सगळा संसार एका रांगेत उभ्या असलेल्या अरुंद, उंच कोठड्यांवर चालतो. कोठडी सहा-सात मीटर उंच आणि रुंदीला जेमतेम अर्धा मीटर. एक कोठडी, एक तापणारी भिंत, पुन्हा कोठडी, पुन्हा भिंत. या रांगेला बॅटरी म्हणतात.

नवी बॅटरी पेटवायला दोन ते अडीच महिने लागतात. कुठलाही कारखानदार यातला एकही दिवस खुशीनं देत नाही, पण इथे भिंतीपुढे कुणाचं चालत नाही. तापवण्याचं वेळापत्रक डायलेटोमीटरच्या त्या आलेखावरून काढतात. एका दिवसात किती अंश चढवायचे हे आधी ठरत नाही. एका दिवसात भिंत किती वाढू द्यायची हे ठरतं. सर्वसाधारण नियम दिवसाला ०.०३ ते ०.०३५ टक्क्यांचा. पंधरा मीटरच्या भिंतीला हे पाचेक मिलिमीटर होतात. मग आलेखात बघायचं, की एवढं वाढायला आज किती अंश पुरतील. शंभर ते तीनशेच्या चढावर हे उत्तर दिवसाला पाच-दहा अंश येतं. माणसाच्या अंगात ताप चढावा तेवढ्या आस्ते. सहाशे ओलांडले की मोकळं रान. तिथून दिवसाला कितीतरी जास्त चढवता येतं.

या काळातलं रोजचं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं. बॅटरीच्या दोन्ही बाजूंना पोलादी खांब उभे असतात, बकस्टे. समोरासमोरच्या खांबांना माथ्यावरून लांब सळया बांधतात, टाय रॉड. टोकाला जाड स्प्रिंगा आणि नट. भिंत वाढते तशी ती खांबाला बाहेर ढकलते आणि स्प्रिंग दबते. स्प्रिंग फार दबली तर विटा चिरडतील, फार सैल राहिली तर सांधे उघडतील. म्हणून रोज प्रत्येक स्प्रिंगची लांबी मोजायची आणि नट थोडा थोडा सैल करत जायचं. बॅटरीच्या बाजूनं पक्क्या खांबांच्या आधारानं तारा ताणून ठेवतात; त्या तारेपासून प्रत्येक बकस्टे किती लांब आहे ते रोज पट्टीनं मोजून वहीत लिहायचं. विटांमध्ये ठेवलेल्या फटी सुरुवातीला जळून जाणाऱ्या मालानं भरलेल्या असतात. तो माल जळतो, फट मोकळी होते, आणि विटा वाढत येऊन ती बुजवतात. अडीच महिने तारा, पट्टी, पान्हा आणि वही. शेवटी वहीतल्या आकड्यांची बेरीज एक वीत होते.

त्यानंतर ही भिंत थंड पडू द्यायची नसते. पंचवीस, तीस, चाळीस वर्षं. पोलादाला उठाव नसला तरी ओव्हन बंद करता येत नाही. कोळसा उशिरा उशिरा भरायचा, पण भिंत लाल ठेवायची. एखादी वीट फुटली तर गरम भिंतीवरच डागडुजी होते: सिलिकाची आणि सिलिकॉनची भुकटी ऑक्सिजनच्या झोतात फेकायची, ती पेटते आणि भिंतीला जोडली जाते. मोठा भाग पडला तर तिथे वितळवून केलेल्या सिलिकाच्या ठोकळ्यांची भिंत बांधतात, कारण त्यांना फुगणंच नाही. शेजारची भिंत तापलेली असतानाही ते बिनधास्त बसवता येतात.

आणि इतकी वर्षं आगीत उभ्या असलेल्या त्या भिंतीत भाजणी चालूच असते. क्रिस्टोबलाइटही हळूहळू ट्रिडिमाइट होत जातं. म्हाताऱ्या बॅटरीची वीट फोडली तर तिच्यात बहुतेक ट्रिडिमाइटच सापडतं, मेक्सिकोच्या डोंगरातल्या खड्यांचा तोच स्फटिक.

एक दिवस बॅटरीचं आयुष्य सरतं. शेवटचा कोक बाहेर काढतात, वायू बंद करतात, दारं तशीच उघडी ठेवतात. कारखान्यातून एकदाच गार होऊन आलेली वीट आता दुसऱ्यांदा गार व्हायला लागते. हजार, आठशे, सहाशे. रेघ आडवी आहे तोवर भिंत शांत असते. कित्येक दिवसांनी तापमान अडीचशेच्या खाली येतं, आणि रिकाम्या कोठड्यांमधून टिकटिक सुरू होते. एक वीट, मग तिच्या शेजारची.